भाकरीचा पुरावा

पोंभुर्ण्याच्या सायबर कॅफेत बसून मी पुण्या-मुंबईच्या ऑनलाइन मित्रांशी प्रश्नोत्तरांचा खेळ खेळायचो. नियम एकच, उत्तरासोबत पुरावा म्हणून इंटरनेटवरची लिंक द्यायची. एकदा मी विचारलं, कोणत्या फुलाची भाकर होते? सगळे हरले. मी उत्तर लिहिलं, मोहफुलाची. लगेच सगळे अंगावर आले, लिंक दे! खूप शोधली, सापडली नाही. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन आईला सांगितलं.

ती म्हणाली, "काऊन नाई मानत? त्याच भाकरीवर तं मी मोठी झाली."

दुसऱ्या दिवशी लिंकच्या जागी तिचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. खाली लिहिलं, 'माझी आई'. गुण मिळाला. त्या ग्रुपवर लिंकवाचून मान्य झालेला पुरावा एकच, माझ्या आईचा.