उचला म्हणणारे मिस्त्री

उजवा हात खांद्याइतका वर, पंजा उघडा, डोळे बारीक केलेले, नजर विस्तवात. मिस्त्री असे उभे राहिले की कारखान्यात कोणी खोकतसुद्धा नसे. मग पंजा मिटायचा आणि शब्द यायचा, "उचला."

तेवढा एकच शब्द. पण त्या शब्दावर पनवेलची चाकं घाट चढून जात होती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तुम्ही पाहिली नसेल. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते चाकापेक्षा जरा लहानच करायचं. भोवती गोवऱ्या रचून तापवलं की फुगतं. मग चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. कडं आवळतं, लाकडाचे सांधे करकरत मिटतात. लवकर उचललं तर अर्ध्यात अडकतं, उशिरा उचललं तर लाकूड जळतं. मधली घटका तेवढी मिस्त्रींची.

ते जवळच्या ओवे गावचे. अंगानं किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. शेजारच्या हॉटेलातून चहा आला की आमच्यातला कोणीतरी मुद्दाम विचारायचा, "मिस्त्री, उचलू का?" ते कपाच्या वाफेकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "थांब. अजून कच्चा हाय." हसायचे नाहीत. आमचा चहा गार व्हायचा, पण त्यांच्या आधी कप तोंडाला लावायची कोणाची छाती नव्हती.

उजवीकडची सांडशी माझी होती. शाळा मला दुसरीतच नको झाली, पण लोखंडाचा रंग मी शिकलो तो त्यांच्या बाजूला उभा राहून.

स्वातंत्र्यानंतरची चारदोन वर्षं गेली असतील. लागोपाठ दोन चाकं जळली. कर्जतचा गाडीवान काळं पडलेलं लाकूड बोटानं खरवडून बघत राहिला. कारखान्याचे शेठ पेढीवरून बघत होते. मिस्त्री म्हणाले, गोवऱ्या ओल्या होत्या. गोवऱ्या चांगल्या खडखडीत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर बुबुळावर दुधाची साय धरावी तसं दिसलं.

सांडशीवरच्या बाकी तिघांना बाजूला घेऊन मी सांगितलं की कोणी एक शब्द काढायचा नाही. पुढच्या चाकाला लोखंड तयार झालं तशी मी सांडशी कड्यावर हळूच आपटली. टण्ण. मिस्त्रींचा पंजा मिटला. "उचला." चाक बसलं.

मग तीच रीत पडली. लोखंड बघायचं मी, शब्द त्यांचा. दिवाळी गेली, होळी गेली, एक लाकूड जळलं नाही. कोणी याला फसवणूक म्हणेल. म्हणू दे. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा सांडशी आपटीन.

चैत्रातली गोष्ट. उरणच्या माणसाची चाकांची जोडी होती. पहिलं कडं तापलं. मी सांडशी आपटली. पंजा उघडाच राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा आपटली, जरा जोरात. मिस्त्रींनी हात खाली घेतला आणि तोंड मिटून उभे राहिले. कडं लाल व्हायला लागलं. चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि उचललं. चाक असं बसलं की सांध्यात नख जाईना.

मिस्त्री जवळ आले. ओल्या चाकावरून तळवा फिरवला.

"मी बोललो नाय," ते म्हणाले. "तरी बसली."

मी म्हणालो, मिस्त्री, आज आमचं चुकून बरोबर आलं.

"आज नाय रं. दिवाळीपासून बरोबर येतंय." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दुसऱ्या चाकाला तू बोल."

मी नाही म्हणालो. एकदा नाही म्हणालो की मी ऐकत नाही, हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होतं. पण त्यांनी सरळ पाण्याची बादली उचलली आणि पाणी ओतणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिले. कडं तापत होतं. मी बोललो नसतो तर लाकूड जळलं असतं. मी बोललो, पण हळू.

"जोरात बोल," बादलीमागून आवाज आला. "लोखंड बहिरं हाय."

जोडी पुरी झाली. मिस्त्रींनी हातपाय धुतले, डोक्याला फडकं गुंडाळलं. शेठ पेढीवरून उठून आले. म्हणाले, तुम्ही नुसते बसून राहा, तुम्ही दिसलात तरी गिऱ्हाइकाला धीर येतो.

"बसाला घरची ओटी हाय, शेठ," ते म्हणाले आणि निघाले. जोडी अर्धी टाकून गेले नाहीत आणि पुरी झाल्यावर थांबलेही नाहीत.

मला वाटायचं, येतील. बाजाराला म्हणून येतील, डोकावतील. पनवेलला ते येत असत, लोक सांगत. आमच्या रस्त्याला मात्र वळले नाहीत.

शेवटी पाऊस संपल्यावर मीच ओव्याला गेलो. ते ओटीवर वाल सोलत बसले होते. मला आवाजावरून ओळखलं. माझ्या पोरांची चौकशी केली, घरात सांगून भाकरी वाढायला लावली, भाताचं पीक बरं आहे म्हणाले. मी ऊन उतरेपर्यंत बसलो. एकदा तरी विचारतील, धाव कशी बसते रं हल्ली, म्हणून बसलो. नवीन लोखंड ठिसूळ येतं, डावीकडचा गडी सोडून गेला, सांगायला किती होतं माझ्याजवळ.

त्यांनी विचारलं नाही.

उठलो तेव्हा बांधापर्यंत आले. "आता जा," म्हणाले, "उजेड हाय तवर."

थोडा पुढे जाऊन मी वळून बघितलं. बांधावर कोणी नव्हतं. वाटेवर मीच तेवढा उभा होतो.