हातचं कॉलेज

आमच्या सुनेच्या मामांइतका सावध माणूस ब्रह्मदेवानं दुसरा घडवलेला नाही. आणि घडवला असेलच, तर तो मामांनीच मागून घेतला असणार, आपल्याला काही झालं तर हाताशी असावा म्हणून.

आम्ही लंडनच्या इल्फर्डला राहतो आणि ते दोन गल्ल्या पलीकडे. सगळं जग त्यांना मामाच म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ते मला विहीणबाई म्हणतात. आमच्याकडे जेवायला बोलावलं की येताना डब्यात दहीभात घेऊन येतात. का, तर माझा स्वयंपाक बिघडला तर! बरं, हे लपवतही नाहीत. डबा सरळ टेबलावर ठेवतात आणि वर सांगतात, "तुमच्यावर अविश्वास नाही हो विहीणबाई, तुमच्या गॅसवर आहे." चष्म्याचा दुसरा जोड खिशात, तिसरा गाडीत. इथल्या पावसाला छत्री सगळेच नेतात, पण मामा छत्री नेतात, आतून रेनकोट घालतात, आणि ऊन पडलं की हिरमुसतात. एका लग्नात भटजी एम ट्वेंटीफाइव्ह हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले, तर मामांनी कोटाच्या आतून मंगलाष्टकांचा कागद काढला आणि खणखणीत आवाजात सुरूच केलं. भटजी धापा टाकत पोचले तेव्हा नवराबायको आइस्क्रीम खात होते.

या सगळ्या कारभाराला मामांचा एकच शब्द आहे: हातचं. शाळेत बेरीज करताना हातचा एक धरायचो ना आपण, तो, आणि हातचं राखून ठेवतो म्हणतो, ते, या दोघांना मामांनी एका घरात नांदायला लावलंय. दहीभात म्हणजे हातचं जेवण. रेनकोट म्हणजे हातची छत्री. आमची सून म्हणते, मामींशी लग्न ठरलं तेव्हाही हातचं स्थळ होतंच म्हणे. मामींना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

तर आमची नात रेवा सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, असताना एक दिवस म्हणाली, मी अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातच जाणार, इथे अर्जसुद्धा करणार नाही. का, तर इथे शाळा सुटली की एक विषय धरायचा आणि त्याच्याशीच संसार थाटायचा. हिला झाडंही शिकायची होती आणि नाटकही. तिकडे त्या छोट्या कॉलेजांत म्हणे दोन्ही चालतं, वर्गात मोजकी मुलं, प्रोफेसर नावानं हाक मारतात, हवं तर घरी जेवायला बोलावतात. पोरगी इतकी भारली होती की तिच्याशी वाद घालायचीही सोय उरली नव्हती. पण कुठेच नाही मिळालं तर? तर मैत्रिणी निघून जाणार आणि ही वर्षभर वरच्या खोलीत छताकडे बघत बसणार. आम्हा सगळ्यांना तीच धास्ती.

मामांना हे कळलं तसे ते घरातल्या स्लिपर्सवरच धावत आले.

"अर्ज कुठे कुठे भरतेयस?"

रेवानं नावं सांगितली. एकापेक्षा एक अवघड.

"आणि हातचं? यातलं एकही नाही मिळालं तर?"

"मामाआजोबा, ते सगळी छोटी कॉलेज आहे. छोट्यामध्ये कोण जातो? मिळणार ना!"

"अगं, छोट्या डब्यात लाडू कमी मावतात की जास्त?"

रेवानं फणकाऱ्यानं आणखी एक नाव घातलं. कुठल्याशा वाळवंटाच्या कडेचं भलंमोठं कॉलेज. "घ्या, आणखी एक. हॅपी?"

"तिथे झाडं आहेत?"

"नाही."

"नाटक?"

"आय डोन्ट नो!"

"आणि फक्त तिथेच मिळालं, तर हसत जाशील की रडत?"

"रडत."

"मग हे हातचं नव्हे, ही शिक्षा झाली," मामा म्हणाले. "मी दहीभात का आणतो? मला आवडतो म्हणून. न आवडणारं हातचं ठेवायचं म्हणजे नुसता हात भरलेला."

तोवर मी मामांना घाबरट समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, या माणसाच्या घाबरण्यात बरीच अक्कल आहे.

मग मामा स्वतःच शोधाला लागले. त्या कॉलेजांचे ऑनलाइन ओपन डे असतात, त्यात जाऊन बसायचे. एका बाईनं विचारलं, आपण कितवीत आहात? मामा म्हणाले, "रिटायर्ड." दुसरीला मामांनीच विचारलं, तुमची खानावळ जळाली तर मुलं कुठे जेवतील? सगळीकडे बंबाचीच चौकशी. पण हुडकून काढलं त्यांनी! जंगलातलं एक छोटंसं कॉलेज, स्वतःची राई, जुन्या गोठ्यात थाटलेलं थिएटर, फारसं नाव नाही, आणि अर्ज करणाऱ्या बऱ्याच मुलांना घेणारं. रेवा ते वाचत बसली ती बराच वेळ. मग म्हणाली, "हे खरंच छान आहे."

"आता एकच," ती वर गेल्यावर मामा मला म्हणाले. "ते कॉलेज आपलं हातचं आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही. त्यांनाही मान असतो. आपली नजर दुसरीकडे आहे असा वास आला, की तेच आधी नाही म्हणतात. अगदी स्थळासारखं."

शाळेतल्या तिच्या टीचरही तेच म्हणाल्या. हुशार मुलं आपल्याकडे नुसती सोय म्हणून अर्ज टाकतात, हे छोट्या कॉलेजांना लगेच कळतं म्हणे.

इंटरव्ह्यू आमच्या फ्रंट रूममध्ये झाला, कॉम्प्युटरवर. रेवा टेबलाशी, मी आणि मामा कॅमेऱ्याच्या बाहेर सोफ्यावर, मामांच्या मांडीवर त्यांचा स्वतःचा लॅपटॉप, चार्ज केलेला. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, आमचं नाव कुठे ऐकलंस? आणि आमची बया हसत हसत इंग्रजीत म्हणाली, "माझ्या मामाआजोबांनी तुम्हाला शोधलं. ते तुम्हाला आमचं 'हातचं' म्हणतात."

मामांचा लॅपटॉप घसरला तो मी धरला. साहेबांनी विचारलं, म्हणजे काय? मी डोळे मिटून घेतले. हिनं सांगितलं, "जी गोष्ट इतकी जवळची असते की बॅगेत टाकत नाही, हातात धरून ठेवतो, ती."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, आम्हाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पोर खोटं बोलत नव्हती हो! इंग्रजी शाळेत वाढलेली, हातच्याची बेरीज तिनं मराठीत कधी केलीच नव्हती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की मामाआजोबा आपला लाडका दहीभात हातात धरून आणतात. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिला खरा अर्थ सांगू नका हं, विहीणबाई."

मार्च आला आणि नकार यायला लागले. एक, मग दुसरा, मग सगळेच. रेवा जेवायला खाली येईना, सून फोडणी जाळायला लागली. आणि एका संध्याकाळी जिन्यावरून धडधडत आवाज आला, "हातचं आली! मामाआजोबा, हातचं आली!" सून रडायला लागली, मी देवापुढे साखर ठेवली, आणि मला एकदम सपाटून भूकच लागली.

मामांना फोन केला तसे ते आले आणि कोटही न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. सगळे वर गेल्यावर मी चहा टाकला आणि सहज विचारलं, "मामा, तुम्ही कॉलेजला कुठे कुठे अर्ज केले होते हो?"

"एकच केला होता. चित्रकलेच्या कॉलेजला. नाही मिळालं."

"आणि दुसरा?"

"दुसराही करायचा असतो, हे सांगायला कुणी नव्हतं." त्यांनी कपाकडे बघितलं. "मग काय, डिप्लोमा केला, इकडे आलो, रेल्वेच्या सिग्नलमध्ये चिकटलो. वर्षं तशी रंगांतच गेली म्हणायची. लाल, पिवळा, हिरवा."

आणि हसले. वरून रेवाचा आवाज येत होता, मैत्रिणीला फोनवर ती त्या राईतली झाडं नावानिशी सांगत होती. मामा मान तिरकी करून ऐकत राहिले. पुढ्यातला चहा निवत चालला होता. मी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.