पाळी इलाहीची

जेवण झाल्यावर भूपाल मास्तर डाव्या कुशीवर होतात. डोळे मिटलेत, कान मात्र अजून जागे आहेत. सून भांडी आवरतेय, नातवंडं गॅलरीत भांडतायत. घर माणसांनी भरलेलं आहे, आणि मास्तरांना त्यात गेले सात महिने करमत नाही. कोपऱ्यात स्टुलावर कॅरमबोर्ड आहे, त्यावर जुनी चादर. तिला हात लावायची कुणाची टाप नाही. डाव अर्ध्यावर राहिलाय, पाळी इलाही टेलरची आहे, आणि इलाही तर गेला.

भांड्यांचा आवाज लांब जातो, शिलाई मशीनचा होतो. समोर इलाही. गळ्यात टेप, ओठांत टाचणी.

"बोर्डावर चादर कशाला रे मास्तर? मेला काय तो?"

"तुझी पाळी होती. थांबलोय."

"सात म्हैने?"

"आणखीही थांबलो असतो."

इलाही हसतो. दुकान आता कृष्णेचा घाट आहे. दोघांच्या घोट्यापर्यंत पाणी, त्यावर बोर्ड, आणि सोंगट्या जागच्या हलत नाहीत. मास्तरांना यात काही वावगं वाटत नाही.

"इलाही, ना बायको ना पोर. त्या एवढ्याशा दुकानात जन्म काढलास. खायला उठत नव्हतं काय रे?"

"एकटा हुतो की. पर कुणाची वाट बघत न्हवतो. काजं करताना काजं. तू आलास की तू. तू गेलास की परत मशीन. तू मातर भरल्या घरात बसून दाराकडं बघतोस."

मास्तरांना रडू फुटतं. "मग कुणाकडे बघू?"

"बोर्डाकडं बघ की!"

राणी भोकाच्या तोंडाशी आहे, शेंबडं पोरही घेईल. इलाही नेम धरतो, मारतो, आणि राणी बोटभर अंतरावरून निसटते.

"मुद्दाम चुकलास!" मास्तर खवळतात.

"कटाळा आला मर्दा तुज्या थांबण्याचा." इलाही स्ट्रायकर मास्तरांच्या हातात ठेवून त्यांची मूठ मिटतो. हात उबदार आहे. "खेळ आता. मी बघाय बसलोय आसं समजू नको. तरी खेळ."

पलंगावर ऊन आलंय. मास्तरांची मूठ मिटलेली आहे. ती उघडतात तर आत स्ट्रायकर, बोटांना पांढरी पावडर. बोर्डावरची चादर तशीच, चारी टोकं खोचलेली. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, हा हातात कुणी ठेवला, असं नातवंडांना दरडावून विचारावं हे क्षणभर मनात येतं. मग ते विचारत नाहीत.

उठून चादर काढतात. खुर्ची ओढतात. टक्.

"मामंजी, कोण आलंय?" आतून सून विचारते.

"कुणी नाही गं," मास्तर म्हणतात. हे शब्द सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना जड जात नाहीत. "मी खेळतोय."