शहागडच्या पायऱ्यांवर अण्णा

शाळेत परीक्षा चालू होती आणि मी वर्गावर सुपरव्हिजन करत होते, तेव्हा शिपाई दारात येऊन उभा राहिला. वर्गावर असताना मी फोन घेत नाही हे घरी सगळ्यांना ठाऊक, म्हणून ह्यांनी ऑफिसात निरोप दिला होता. अण्णा गेले. माझे सासरे. जेवले, खुर्चीत बसले, तिथंच मान कलंडली... खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की नक्की चोरून काहीतरी गोड खाल्लं असणार. दीड महिन्यानंतर हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

माझा स्वभाव संशयी आहे. घरात कुणी ते लपवत नाही, मीही नाही. वीस वर्षं कॉप्या पकडल्या की माणसाच्या चेहऱ्याआधी हातांकडे बघायची सवय लागते. मुद्दामचा खोकला, बाकावर दोनदा आपटलेलं पेन, सगळ्या खुणा मला कळतात, असा माझा समज होता. अण्णांनी उभा जन्म एसटीची लाल गाडी चालवली. जालना, अंबड, शहागड हा त्यांचा रस्ता, आणि आपल्या नजरेचा त्यांना कोण अभिमान! निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी ते माझ्या सात वर्षांच्या सईला घेऊन जालन्यातल्या मस्तगड भागात फिरायला जायचे. तेवढाच त्यांचा विरंगुळा. साखरेचा आजार असल्यामुळे गोड बंद. पण दोघं परत आली की सईच्या फ्रॉकच्या खिशात चॉकलेटचे कागद सापडायचे, आणि विचारलं की पोरगी तोंडाला कुलूप लावून बसायची. मी तेव्हाच मनात खूणगाठ बांधली.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहल काढली. अंबडची देवी, मग शहागडला गोदावरी, असा साधाच बेत, कारण धाकटा अर्जुन तीन वर्षांचा आणि सासूबाईंचे गुडघे दुखणारे. भाड्याची गाडी केली. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसले आणि निघाल्यापासून त्याला रस्ता सांगायला लागले. "आता उजवीकडं वळण येतंय बराबर. जरा हळू, पुढं पूल हाये." ड्रायव्हर गालात हसत होता. अंबड जवळ आलं तसे अण्णा म्हणाले, "सई, ते बघ चिंचेचं झाड. मी गाडीवर होतो तवा एवढंसं होतं. आता बघ केवढं वाढलंय." मी काचेतून पाहिलं. तिथं झाड नव्हतंच. रस्ता रुंद करताना ते कधीच तोडलं होतं, नुसती मुरमाची पट्टी होती. पण सई म्हणाली, "हो अण्णा, लई मोठं झालंय." म्हटलं, झालं! पोरगी खोटं बोलायला शिकली आणि शिकवणारे पुढच्या सीटवर बसलेत.

देवीच्या पायऱ्या चढताना अण्णांनी सईचा हात धरला. मी मुद्दाम मागे राहिले. तिची बोटं हलत होती. एकदा दाब, मग थांबणं, पुन्हा दाब... परीक्षेत पुढच्या बाकावरून मागच्याला उत्तराचा नंबर कळवतात, अगदी तसंच. वर सासूबाई पेढे वाटायला लागल्या. अण्णांनी "मला नको" म्हटलं आणि आपला पेढा सईच्या हातावर ठेवला. तो पेढा गुपचूप परत कसा जाणार हेही मला दिसायला लागलं. मी सासूबाईंच्या कानात माझा संशय सांगितला, तर त्या हात जोडता जोडता म्हणाल्या, "सुधा, तुला एक दिवस देवीवरबी डाऊट येईन."

अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत आम्ही शहागडला पोचलो. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी अण्णांनी पुन्हा सईचा हात घेतला. पहिल्या पायरीवर बोटं हलली, तशी मी पुढे होऊन तिचा हात सोडवून घेतला.

"कसल्या खुणा चालल्यात तुमच्या, अण्णा?"

"काय न्हाई. आजा-नातीची गंमत हाये."

"तिच्याकडून गोड मागवून खाता ना?"

"बिलकुल न्हाई, बाई. आत्ताच देवीच्या पाया पडून आलो, खोटं कशाला बोलू?"

मी सईला ओढतच पाण्याशी नेलं. खालून ह्यांनी हाका मारल्या, अर्जुननं मारल्या, पण अण्णा आले नाहीत. "मी इथूनच बघतो," म्हणाले. "इथून झ्याक दिसून राह्यलं." अर्धा तास ते त्या एका पायरीवर तसेच उभे होते, सुटलेला हात जरासा पुढे धरून. मी म्हटलं, रुसलेत. रुसू देत.

त्या दिवसापासून मी सईला त्यांच्याबरोबर पाठवणं बंद केलं. अभ्यासाचं निमित्त पुढे केलं. अण्णा रोज संध्याकाळी चप्पल घालून दारापर्यंत यायचे, चौकटीला हात लावून थांबायचे आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचे. "एकटे जाऊन या की," म्हटलं तर म्हणायचे, "आज गुडघे दुखून राह्यले." सासूबाईंचं दुखणं अण्णांना कधी लागलं, असा त्यावरही माझा संशय. नंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत.

मागच्या आठवड्यात सईला घेऊन बाजारात गेले होते. दुकानातून निघताना तिनं माझा हात दोनदा दाबला.

"हे काय गं?"

"खाली पायरी हाये. एकदा दाबलं की चढायचं, दोनदा दाबलं की उतरायचं." मग तिनं जीभ चावली. "अण्णांना दिसत नव्हतं ना मम्मी. कुणाला सांगायचं न्हाई म्हणले होते. आता तेच न्हाईत, मंग सांगितलं तर चालतं ना?"

मी तिथंच पायरीवर बसून एकेक विचारत गेले. चॉकलेटं? "ती मला द्यायचे, नीट घरी आणलं म्हणून." आणि झाड? "तोडलं म्हणून सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

"पण मला का नाही सांगितलंस?"

"अण्णा म्हणायचे, मम्मीला कळलं तर ती तुला माझ्यासंगं पाठवायची न्हाई."

माझा अण्णांवरचा एकूण एक संशय चुकीचा निघाला. त्यांचा माझ्यावर एकच होता, तो बरोबर निघाला. मी त्यांची सई काढून घेतली, म्हणजे काय काढून घेतलं, हे मला त्या दुकानाच्या पायरीवर कळलं आणि मी भर बाजारात रडले. माफी मागायला आता खुर्चीत कुणी नाही.

सईची सवय अजून गेलेली नाही. शाळेचा जिना असो की शेजारणीचा उंबरा, तिची बोटं माझ्या हातात हलतात. मी तिला थांब म्हटलेलं नाही. तिनं दोनदा दाबलं की मी खाली न बघता पाय टाकते.