खंडेनवमीचे बूट

माझी नोकरी वाचवली ती एका बावीस वर्षांच्या स्पॅनिश फुटबॉलपटूने. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना मी माझीच रडगाणी गात बसेन आणि त्याचा मान राहून जाईल. चूक माझी होती, सगळीच्या सगळी माझी. ती त्याने स्वतःच्या अंगावर घेतली आणि तशीच पायात घालून तो मैदानात उतरला. तेही ज्या दिवशी त्याचं स्वतःचं सगळं पणाला लागलं होतं, त्या दिवशी.

मी कोल्हापूरचा. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण अजून सांगताना तोंडातून सुटली असंच येतं. मामाचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे मी फुटबॉल शिवायला आणि बूट दुरुस्त करायला बसलो. आमच्याकडे फुटबॉल पेठापेठांत वाटलेला असतो, त्यामुळे सीझनला दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. बायको मात्र शिकलेली. नर्सिंग करून तिने मेलबर्नच्या हॉस्पिटलात नोकरी मिळवली आणि तिच्या व्हिसावर तिच्या मागोमाग मीही आलो. डँडेनॉन्गला एका कारखान्यात दोन वर्षं खोकी भरली. मग एका व्यावसायिक क्लबला किट रूममध्ये माणूस हवा आहे असं कळलं. जर्सी धुवायच्या, बूट पुसायचे, चेंडूंत हवा भरायची. बायको म्हणाली, "हे तर तुला झोपेतही येतं. जा की."

येतं खरं. पण मला प्रत्येक गोष्टीची धास्ती. ऑफिसातून ईमेल आला की तो बायकोने वाचून दाखवेपर्यंत मला जेवण जायचं नाही. किट रूमचं कुलूप मी तीनदा ओढून बघायचो. एवढी काळजी घेऊनही ऑगस्टमध्ये पांढऱ्या जर्सी आणि लाल मोजे एकाच मशीनला लावले, आणि सगळी टीम एक दिवस गुलाबी होऊन सरावाला उभी राहिली. किट रूमचा मुख्य म्हणजे चाळीस वर्षं हेच काम करणारा एक ऑस्ट्रेलियन म्हातारा. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "एकदा होतं, मेट. दुसऱ्यांदा झालं तर मला वर सांगावं लागेल." नोकरी पक्की व्हायला माझे चार महिने बाकी होते.

तो स्पॅनिश खेळाडू त्याच सुमारास आला. स्पेनच्या दक्षिणेकडचं, ऑलिव्हच्या बागांचं गाव. अकराव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या अकादमीत गेला तो घराबाहेरच वाढला. सतराव्या वर्षी त्यांनी सांगितलं, तू चांगला आहेस, पण आम्हाला पुरेल इतका नाहीस. मग तिकडचीच खालची लीग, मग पोलंडची थंडी, तिथे गुडघ्याचं ऑपरेशन, आणि आता जगाच्या या टोकाला आमचा क्लब. करार फक्त डिसेंबरपर्यंत. तोवर काही दाखवलं तर पुढे, नाहीतर बॅग भरायची.

हे त्याने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यासमोर मी गप्प होतो. तो मला "हेफे" म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत साहेब. मी त्याला "भावा" म्हणायचो. दोन आठवड्यांत तोही मला भावा म्हणायला लागला, आणि काय हेल काढायचा तो, एकदम रंकाळ्यावरचा वाटायचा.

पण मी त्याचा झालो तो त्याचा खेळ बघून. मी लहानपणापासून फुटबॉल पाहिलाय. पेठेतले भले भले खेळाडू जवळून पाहिलेत. असा कोणी नव्हता पाहिला. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून मागे बघून घ्यायचा, एकदा, दोनदा, तीनदा. चेंडू पायाशी येईपर्यंत पुढे काय करायचं ते त्याचं ठरून गेलेलं असायचं. बाकीचे धावत असायचे आणि हा जणू दारात उभं राहून रस्ता बघत असायचा. सराव संपला की सगळे गाडीत बसून निघून जायचे, आणि हा भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारत राहायचा. मी बादल्या उचलायचं सोडून बघत बसायचो. भिंतीवर एकाच जागी, ताटाएवढ्या गोलात, चेंडूचे डाग पडले होते. त्या गोलाबाहेर एकही डाग नव्हता. मी जवळ जाऊन पाहिलं होतं.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटायची. सरावात दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून वरून घालायची बनियनं असतात, हिरवी आणि पिवळी. पिवळं वाट्याला आलं की हा मुकाट्याने दुसऱ्याशी अदलाबदल करायचा. मी म्हटलं, असेल एखाद्याचा हट्ट.

सीझनची पहिली मॅच नेमकी दसऱ्याला आली. त्याच्या जागेवर खेळणारा नेहमीचा खेळाडू जायबंदी झाला होता, म्हणून कोचने याला सांगितलं, सुरुवातीपासून तू. हे सांगायला तो किट रूममध्ये आला आणि घडी घातलेलीच जर्सी उलगडून परत घडी घालायला लागला. "एक मॅच, भावा," तो म्हणाला. "अशी एकच देतात."

आदला दिवस खंडेनवमीचा. आमच्या मामाच्या दुकानात त्या दिवशी सुई, दाभण, हातोडी, पंप, सगळं पुसून मांडायचो आणि हळदकुंकू लावायचो. आम्हाला पोटाला घालणारी हत्यारं ती. तालमींच्या फुटबॉल संघांतले खेळाडू आपले बूट आणून ठेवायचे, त्यांचीही पूजा व्हायची. इथे आल्यापासून मला असं काही हत्यारच मिळालं नव्हतं. कारखान्यातल्या टेपच्या बंडलाची काय पूजा करणार? यंदा मिळालं होतं. फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून हळदकुंकू आणि झेंडूची फुलं आणली आणि सकाळी सातला किट रूम उघडली. नऊपर्यंत कोणी येत नसे.

मशीनला बोट लावलं, पंपाला लावलं, चेंडूंना लावलं. मग बूट. ओली हळद, त्यावर कुंकू, प्रत्येक बुटाच्या टोकाला एक ठिपका. हात जोडले आणि लगेच ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. काळे, निळे, चकचकीत बूट, एका फटकाऱ्यात साफ. राहिले त्याचे. पांढरेशुभ्र, नवे, आणि वरून विणलेल्या कापडाचे. हल्ली तसेच निघतात. मी आयुष्य चामड्याच्या बुटांत काढलेलं. कापड हळद पिऊन टाकतं हे मला कळायला हवं होतं. त्यात त्याच्या बुटांना मी जरा जास्तच लावली होती, अंगठाभर. माणूस देवापाशी आपल्या माणसासाठी जरा जास्तच मागतो.

फडक्याने डाग पसरला. घाबरून साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे घरी बायका धुण्यात रोज बघतात, मीही पाहिलेलं, पण त्या वेळी डोकं जाग्यावर नव्हतं. बुटांची टोकं रक्तात बुडवल्यासारखी झाली. भराभर पाणी ओतलं. लाल गेलं आणि पिवळं उरलं, आता अर्ध्या बुटापर्यंत.

नेमका तो त्या दिवशी लवकर आला. दारातच थांबला. बुटांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता.

"पिवळा," तो म्हणाला. "भावा, पिवळा का?"

मी हातवारे करत सांगितलं. देव, हत्यारं, आशीर्वाद. "पिवळा म्हणजे शुभ. आमच्यात लग्नात नवरानवरीला लावतात."

तो बाकावर बसला. बुटांना हात लावेना. मग हळूहळू सांगितलं. त्यांच्याकडे पिवळा म्हणजे घात. त्याची आजी घरात पिवळं फूलसुद्धा येऊ देत नाही. अकादमीने त्याला काढलं त्या दिवशी त्याच्या अंगात सरावाचं पिवळं बनियन होतं. पोलंडला गुडघा गेला तेव्हाही तेच. "मला माहीत आहे हा वेडेपणा आहे," तो म्हणाला. "पण माझ्या गुडघ्याला माहीत नाही."

त्याच्याकडे दुसरी जोडी होती, जुनी, सरावातली. मी म्हटलं, उद्या ती घाल, मी रात्रीतून शिवून पक्की करतो. तो हो म्हणणार, एवढ्यात म्हातारा आत आला.

त्याने फुलं बघितली, बादली बघितली, बूट उचलून उजेडात धरले. "हे कोणी केलं?"

 ऑगस्टच्या गुलाबी जर्सी डोळ्यांसमोर आल्या, ईमेल आला, बायको तो वाचतेय हेही आलं. शब्द मनात मराठीत तयार होते, इंग्रजीत एकही येईना. खरं सांगायचं तर मराठीतही आला नसता.

"मी सांगितलं त्याला," तो म्हणाला. बाकावरून उठलासुद्धा नाही. "मोठ्या मॅचच्या आधी आमच्या घरी असं करतात. माझी आजी करते."

म्हाताऱ्याने बूट उजेडातून खाली घेतले. "तुझी आजी. पिवळं लावते."

"हो. फार पिवळं."

"आणि उद्या तू हेच घालणार?"

तेव्हा मला कळलं की त्याने काय करून ठेवलंय. आजीचं नाव सांगितल्यावर जुनी जोडी घालणं आलंच नाही. घातली असती तर खोटं उघडं पडलं असतं आणि मी गेलो असतो. तोही हे समजला. त्याने म्हाताऱ्याच्या हातातून बूट घेतले आणि म्हणाला, "अर्थात."

त्या दिवशी दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा मेलबर्नच्या आभाळाची मनधरणी केली. हळदीचा डाग उन्हात उडतो, आई साड्या वाळत घालताना सांगायची. बूट घेऊन मी प्रेक्षकांच्या गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो. वसंतातले मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालायला येत होते, त्यांना हात हलवून हाकलत होतो. ऊन यायचं, ढग यायचा, थेंब पडले की बूट शर्टाखाली घ्यायचो. संध्याकाळपर्यंत उजवा बूट साईसारखा झाला. डाव्याच्या टोकाला पिवळा डाग राहिलाच.

मॅचच्या आधी मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून नाड्या ओवत होतो. त्याने विचारलं, "हा पिवळा लग्नाचा म्हणालास ना?"

"हो, लग्नाचा."

"मग तोही घातच," तो म्हणाला, आणि हसला. मला हसू आलं नाही.

पहिली दहा मिनिटं मी, खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होतो आणि मला फक्त त्याचा डावा पाय दिसत होता. त्यालाही तेवढाच दिसत असावा. मान वळत नव्हती. खाली बघत होता. एकदा घसरला, एकदा चेंडू सरळ समोरच्याच्या पायात दिला. कोचने राखीव खेळाडूला उठून अंग गरम करायला सांगितलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, ती मी इतकी आवळली होती की झाकण उडालं.

मग एक चेंडू उंचावरून त्याच्याकडे आला. मी बघितलं, त्याने मान वळवली. एकदा. मग दुसऱ्यांदा. चेंडू खाली येईपर्यंत त्याला बाकीच्या एकवीस जणांचा पत्ता लागलेला होता. चेंडू त्याने थांबवलाच नाही. डाव्या पायाच्या त्याच पिवळ्या टोकाने नुसता वळवला, आणि तो तीन माणसांच्या मधून, कोणाच्या डोळ्यांना न दिसलेल्या गल्लीतून, आमच्या फॉरवर्डच्या पुढ्यात जाऊन पडला. गोल झाला. सगळे फॉरवर्डकडे धावले. मी जागेवरच उभा राहिलो.  भोवती इतकी माणसं ओरडत होती आणि मला मात्र देवळात आल्यासारखं वाटत होतं. एवढी भीती पायात घेऊन माणसाला असं काही दिसू शकतं?

मॅच बरोबरीत सुटली. सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आजीला सांगू नकोस."

डिसेंबरात त्याचा करार सीझनभर वाढला. त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की झाली. सीझननंतर त्याला ग्रीसमधल्या एका क्लबने नेलं. एअरपोर्टला जायच्या आधी किट रूममध्ये आला आणि भिंतीवरच्या त्या डागांच्या गोलाचा फोटो काढून घेऊन गेला.

तो गेल्यावर मी म्हाताऱ्याला सगळं खरं सांगितलं. आठवडाभर वाक्यं पाठ करत होतो. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "चाळीस वर्षांत चार स्पॅनिश बघितले, मेट. एकानेही पिवळा टॉवेलसुद्धा घेतला नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तो तुझ्यासाठी ते बूट घालायला तयार होता. मग मी काय बोलू?"

आता तो ग्रीसमध्ये खेळतो. पहाटे उठून मी फोनवर त्याच्या मॅच बघतो, मान वळली की मोजतो. त्याने माझ्यासाठी जे केलं तेवढं मोठं माझ्या हातून कधी होईल असं वाटत नाही. मला बूट तेवढे कळतात. म्हणून मी ठरवलंय: भावा, तू जिथे कुठे तुझी शेवटची मॅच खेळशील, दहा वर्षांनी असो की पंधरा, तिथे मी येईन. व्हिसाचा फॉर्म मी माझ्या हाताने भरेन, बायकोला विचारणार नाही. त्या दिवशी तुझे बूट मी पुसेन, नाड्या मी ओवेन. हळदीची पुडी घरीच ठेवेन. आणि कोणी काही विचारलं, तर या वेळी उत्तर मी देईन.