पुरे म्हणायचं बटण

माझे भावोजी पेरणी यंत्रं दुरुस्त करतात. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान. दुरुस्त झालेलं यंत्र गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी त्याचं माप लावावं लागतं. यंत्र लोखंडी घोडीवर, म्हणजे जमिनीपासून उचलून धरणाऱ्या स्टँडवर, चढवायचं, मोटर लावून त्याचं चाक ठरावीक वेळ फिरवायचं, नळीतून पडलेलं बी वाटीत धरायचं आणि काट्यावर तोलायचं. बी कमी पडलं तर खालची फट मोठी करायची, जास्त पडलं तर लहान.

वाटी धरायला भावोजी आणि वेळ मोजायला ताई, ही लग्नापासूनची वाटणी. मोटरच्या बटणाशी स्टुलावर बसून ती मोठ्यांदा आकडे म्हणायची आणि शेवटी "पुरे!" असं ओरडून बटण बंद करायची. तो आवाज रस्त्यापर्यंत जायचा. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, मोबाईलमध्ये घड्याळ असतं की हो."

"असेल. पण ते यांना दटावत नाही," ताई म्हणाली.

जेवतानाही भावोजी ताट पुढे धरून बसायचे. पुरे तिनेच म्हणायचं.

मी हिशेबखात्यातला माणूस, त्यामुळे आकडा चुकला की माझा कान आधी टवकारतो. गेल्या वर्षी एका रविवारी मी शेडमध्ये बसलो होतो. ताई मोजत होती आणि मोजता मोजता वीसवरून थेट तीसवर गेली. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी वाटीवरची नजर हलवली नाही.

वेळ कमी भरल्यामुळे बी कमी पडलं आणि फट मोठी केली गेली. पुढे ते गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. रोपं एकमेकांच्या अंगावर उगवली होती.

"चूक माझी," भावोजी म्हणाले. "डोळे गेलेत आता माझे."

डोळे ठणठणीत होते. डॉक्टरांनी ताईच्या आजाराचं नाव तेव्हा सांगितलेलं होतं. ती आता हळूहळू सगळंच विसरत जाणार होती.

भावोजींनी टायमर करायला घेतला. लोखंडाशी त्यांची जन्माची ओळख, पण विजेला ते वचकून. "लोखंड समोरून मारतं, करंट मागून," असं म्हणत त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राला भंडावून सोडलं. करंट आपोआप तोडणारा जुना रिले, वेळ लावायला एक फिरवायची खुंटी, एक घंटी असं सगळं बिस्किटांच्या डब्यात बसवलं. बटण दाबलं की मोटर सुरू, वेळ भरली की आपोआप बंद, वर घंटी. पहिल्याच फेरीत माप चोख आलं. भावोजी लहान मुलासारखे हसले.

घंटी वाजली तेव्हा ताई दारात उभी होती. "छान झालं," ती म्हणाली. मग तिने आपलं स्टूल उचललं आणि ते घेऊन आत निघून गेली.

त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत. पुढच्या रविवारी गेलो तर घंटी काढून टाकलेली. डब्याला स्टुलाच्या बाजूने एक हिरवा दिवा बसवला होता आणि त्याखाली लाल बटण. स्टूल जागच्या जागी होतं आणि स्टुलावर ताई.

"कारकूनसाहेब, बघत काय बसलात? बाजूला व्हा, माझं काम आहे," ती मला म्हणाली.

दिवा लागला. "पुरे!" असं ओरडून तिने बटण दाबलं. मोटर थांबली. भावोजींनी वाटी काट्यावर ठेवली.

ती आत गेल्यावर मी डबा न्याहाळला. "भावोजी, या लाल बटणाची वायर कुठेच जोडलेली नाही."

"हळू बोला," ते म्हणाले.

मोटर टायमरच बंद करत होता. दिवा तेवढा त्याच्या क्षणभर आधी लागायचा.

त्या दिव्यावर आमचा पेरणीचा हंगाम निघाला. कधी तिचं "पुरे" मोटर थांबल्यावर यायचं. भावोजी ते येईपर्यंत वाटी नळीखालून काढायचे नाहीत.

काल रविवार होता. मोटर फिरत होती आणि बी वाटीत पडत होतं. हिरवा दिवा लागला. ताईने दिव्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "किती छान आहे हो हा," ती म्हणाली. मोटर थांबली. नळीतून एक शेवटचा दाणा पडला.

भावोजी वाटी धरून ओणवेच राहिले.

"अगं," ते म्हणाले, "म्हण ना."

"काय म्हणू?" तिने विचारलं. आणि मग, परक्या माणसाला विचारावं तसं, "तुम्ही कुणाची वाट बघताय का?"

भावोजींनी वाटी नळीखालून काढली नाही. मला ते बघवेना. मी जवळ गेलो. "भावोजी, पुरे..."

"तुम्ही नका म्हणू," ते म्हणाले.

पाठ भरून येईपर्यंत ते तसेच ओणवे राहिले. ताई दिव्याकडे बघत होती. मग त्यांनी वाटी काट्यावर ठेवली. माप बरोबर आलं होतं.