उणे एकशेसहा

सरिताला उणे एकशेसहा गुण मिळाले होते. दिलसुखनगरच्या कोचिंग सेंटरच्या यादीत ती तळाला होती. बीदरकडचे शाळामास्तर असलेले तिचे वडील तिला घरी न्यायला आले होते.

यादीचा प्रोग्राम माझा होता. नव्वदीची सुरुवात, माझी पुण्याबाहेरची पहिली नोकरी. उणे गुणांचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण दोनशे प्रश्नांत बरोबर उत्तराला एक गुण मिळे आणि चुकलं की एक वजा होई.

"कंप्यूटर झूट नै बोलता, मॅडम," संचालक रेड्डीसर म्हणाले. बॅचमधून तिचं नाव ते काढणारच होते.

मास्तर शांतपणे म्हणाले, "एकशेसत्तर बरोबर आल्यात म्हणती. पोरगी खोटं बोलत नाही, बाई. एकदा हातानं मोजून बघा की."

मोजले. एकशेसत्तर बरोबर, वीस चूक, दहा कोरे. म्हणजे दीडशे!

एसीच्या गार खोलीत दुपारभर बसले. कंप्यूटरच्या पडद्यावरची हिरवी अक्षरं डोळ्यांपुढे तरंगू लागली. प्रोग्रामच्या वजाबाकीच्या ओळीत दीडशेच येत होते. यादीत उतरताना बिघडत होते.

मेमरी वाचवायला मी गुण कॅरेक्टरमध्ये ठेवले होते. ही एका अक्षरापुरती जागा. अक्षर आतून आकडाच असतं, म्हणून तिथे लहान आकडाही मावतो. हिशेब करताना सी भाषा त्याला इंटिजर नावाच्या मोठ्या जागेत नेते, म्हणून उत्तर बरोबर येतं. परत कॅरेक्टरमध्ये ठेवलं की जागा अपुरी पडते. एकशेसत्तावीसनंतर थेट उणे एकशेअठ्ठावीस, घड्याळात बारानंतर एक यावा तसं. मी डोळे मिटले, तर सरिताचा आकडा त्या गोल वाटेनं चाललेला दिसला. सगळ्यांच्या पुढे जाता जाता एकाएकी सगळ्यांच्या मागे. मला फार अपराधी वाटलं.

कॅरेक्टरच्या जागी इंटिजर लिहिलं. यादी पुन्हा छापली. सरिता पहिली आली. रेड्डीसरांनी स्वतः यादी चिकटवली आणि मास्तरांसाठी चहा मागवला.

मास्तरांनी विचारलं, "मग ते उणे गुण कुणाचे, बाई?"

"माझे," मी म्हटलं.

परीक्षेआधी प्रोग्राम तपासायला आम्ही ऑफिसातल्याच सगळ्यांनी तो पेपर सोडवला होता. शंभराच्या वर कुणीच गेलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रोग्राम तपासताना आपल्यापेक्षा हुशार माणूस आधी शोधते.